कुंकू लागलेला शेअर

दगा पाटलांना माणसं ओळखता आली नाहीत, कागद मात्र अचूक ओळखता आले. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, नंदुरबारात त्यांना ओळखणारा कुणीही हेच सांगेल. खांडबारा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकुनी करत त्यांनी उभी नोकरी काढली आणि तिथंच हा नाद लागला. एका भंगारवाल्याच्या गाडीवर जुन्या रेल्वे कंपनीचा शेअर दिसला. जाड, पिवळसर कागद, वर धूर सोडणाऱ्या इंजिनाचं नक्षीदार चित्र, खाली साहेबाची दौतीच्या शाईतली सही. कंपनी कधीच बुडालेली, शेअरला कवडीची किंमत नाही. पण दगा आप्पा त्या इंजिनाकडे असे बघत राहिले की भंगारवाल्यानं भाव वाढवला.

त्यानंतर सुरत, अमळनेर, भुसावळ, जिथं जुनी रद्दी निघे तिथं आप्पा पोचत. हळूहळू त्यांना पारख आली. शेअर दुर्मिळ कशानं होतो, तर नुसता जुना असल्यानं नाही. कंपनीनं रद्द करताना भोकं पाडली असतील तर किंमत उतरते. कुणाला न विकला गेलेला कोरा असेल तरी उतरते. सही हातची हवी, छापलेली चालत नाही. घडी जेवढी कमी, तेवढा भाव जास्त. सुरतेत एकानं चहात बुडवून जुना केलेला शेअर त्यांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. आप्पांनी नुसता नाकाला लावला आणि म्हणाले, "साखर जास्त पडली, भाऊ."

घरी मात्र ही हुशारी पालथ्या घड्यावर पाणी. हातात पुन्हा जुना कागद दिसला की बायको मीनाबाई दारातच विचारायची, "आखो रद्दी लई उनात का?"

तिला तसं म्हणायचा हक्क होता. ज्या एका शेअरमुळे आप्पांचं नाव दूरवरच्या संग्राहकांपर्यंत गेलं, तोही असाच इंजिनाच्या चित्राचा, त्यांनी मीनाबाईच्या दोन पाटल्यांपैकी एक विकून घेतला होता. माहेरच्या पाटल्या त्या, तिच्या बापानं कापसाच्या पैशातून केलेल्या. सोनाराकडे न्यायला तिनं काढून दिलेली ती पाटली तिला न सांगता विकली, वर हसत घरी आले. मीनाबाई रडली नाही. उरलेली पाटली तिनं हातातून काढली आणि पुन्हा कधी घातली नाही. एका हातात पाटली घालून बाई लग्नकार्यात मिरवते काय? जावा विचारायच्या, ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. तिचं मन वळवायला आप्पांकडे एकच वाक्य होतं. "हाऊ कागद म्हणजे तुन्ही पाटलीच शे, समजी ले." तीस वर्षं त्यांनी हे वाक्य तिच्यापुढे फेकलं. आपण काय बोलतो आहोत, याचा एकदा तरी विचार करावा, असं त्यांना वाटलं नाही.

मग या दिवाळीआधी अहमदाबादहून भूपेशभाईंचा फोन आला. भूपेशभाई म्हणजे या जुन्या शेअरांच्या व्यवहारातलं मोठं प्रस्थ. भोक न पाडलेला, हातच्या सहीचा असा हा एकच शेअर आपल्या ऐकिवात आहे, तो आपल्या कॅटलॉगात मालकाच्या नावासकट छापायचा आहे, दिवाळी झाली की लाभपंचमीला बघायला येतो, असं ते म्हणाले. आप्पांनी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिले. पैशाची त्यांना फिकीर नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं, की अहमदाबादचा माणूस घरात बसून बोलेल, मीनाबाई आतून ऐकेल आणि एकदा, फक्त एकदा, म्हणेल की तुमचं बरोबर होतं.

पुण्याहून मुलीनं, रोशनीनंही आईला फोनवर सांगितलं की आप्पांचा कागद खरंच मोलाचा निघाला. मीनाबाई "बरं" म्हणाली, पण तिनं रोशनीला दोनदा विचारलं, खरंच ना?

लाभपंचमीला भूपेशभाई आले. पोहे झाले, चहा झाला. कपाटाची किल्ली नेहमी मीनाबाईच्या कमरेला. तिनं शेअरांची पेटी आणून दिली आणि कधी नव्हे ती बैठकीच्या दारात उभी राहिली. आप्पांना ते दिसलं आणि त्यांनी पेटी दाराच्या बाजूला वळवून ठेवली. हात लागला की कागद झिजतो म्हणून त्यांनी तो शेअर कित्येक महिने उघडला नव्हता. त्यांनी लिफाफ्यातून तो अलगद काढला.

इंजिनाच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं. शेजारी हळद. खाली, जिथं सही होती, तिथं निळा डाग पसरलेला आणि त्यात झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

भूपेशभाईंनी भिंग काढलं, न वापरताच परत खिशात ठेवलं. "अरेरे," एवढंच म्हणाले. मग भल्या माणसासारखे बोलले, "फ्रेम करून लावा, आप्पा. घरात शोभेल." कॅटलॉगचा विषय त्यांनी काढला नाही. दुपारच्या गाडीनं ते परत गेले.

आप्पांनी चिकटलेली पाकळी नखानं सोडवली. मग म्हणाले, "तू मुद्दाम करं. तीस वरीसना सूड लिन्हा."

मीनाबाईनं त्यांच्याकडे नवीन माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "धनतेरसले सोनानी पूजा करतस," ती म्हणाली. "एक पाटली पाटवर ठेई. दुसरी तिन्हा शेजारे ठेई. तुम्हीच सांगेल व्हतं ना, हाऊ कागद म्हणजे मन्ही पाटली शे? यंदा पहिल्यांदा खरं वाटनं मले. जोडी पूजी. फूल बुडाईसन पानी शिंपडं."

त्या कागदाला तिनं मान द्यावा म्हणून आप्पा आयुष्यभर झुरले होते, आणि तो मान मिळाला होता, इंजिनाच्या कपाळाला, नव्या ट्रॅक्टरला कुंकू लावतात तसा. तिचं खोटं आहे म्हणावं तर शब्द त्यांचेच होते. खरं म्हणावं तर सगळं गेलं होतं. संताप कुणावर काढावा हेच त्यांना कळेना. शेवटी उठले, देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि तिच्यापुढे आपटला.

"लाव आते. पोटभर लाव."

मीनाबाईनं सांडलेलं कुंकू पदरानं गोळा केलं, करंडा बंद केला.

"आते कसाले?" ती म्हणाली. "रद्दीले कोनी कुकू लावस का?"