आपण एकदाच सांगितलं होतं

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललो असेन, पण ज्याची अजून लाज वाटते ते एकच. पन्नास सालानंतरची गोष्ट. कलकत्त्याच्या औद्योगिक न्यायाधिकरणात मी लघुलेखक होतो, तोही हंगामी.

बेहाला भागातल्या एका कारखान्याने काढून टाकलेल्यांपैकी कुणाकुणाला परत घ्यायचं, तो निकाल साहेब मला सांगत होते. साहेब म्हणजे आमचे न्यायाधीश, साठी उलटलेले बंगाली गृहस्थ. यादीत एक नाव दोनदा आलं. आपल्याकडे बापाचं नाव मध्ये लागतं, म्हणून सहसा गल्लत होत नाही. तिथे नुसतं नाव आणि आडनाव. वय झाल्याने साहेबांना आधी सांगितलेलं आठवत नाही, असं ठरवून या शहाण्याने टाइप करताना दुसरं नाव गाळलं. अरे, विचारायचं तरी! साहेबांनी विश्वासाने सही केली आणि निकाल जाहीर झाला.

महिन्याभराने तो दुसरा माणूस अर्ज घेऊन आला. त्याच्याच नावाच्या सोबत्याला कारखान्याने आत घेतलं होतं, याला फाटकावरूनच परत पाठवलं होतं.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "टाइप करताना तुमच्याकडून नाव राहिलं असेल, तर मी आत्ता दुरुस्त करतो. पण मीच सांगितलं नसेल, तर तो माझा निकाल झाला. दिलेला निकाल मला बदलता येत नाही."

माझी चूक, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण माझ्या कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांपुढे जाणार होता. माझी पाचावर धारण बसली.

"आपण एकदाच सांगितलं होतं," मी म्हणालो.

लघुलेखनाची वही माझ्या हातातच होती, आणि तीत ते नाव दोनदा होतं. साहेबांनी ती मागितली नाही. हल्ली माझं असंच होतं, असं म्हणत कपाळ चोळत बसले.

अर्ज फेटाळल्याचा आदेशही मीच टाइप केला. त्यात एकही खाडाखोड नव्हती.

नक्कल घ्यायला तो आला, तेव्हा त्यात काय लिहिलंय ते मी त्याला मोडक्यातोडक्या बंगालीत सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कागदाची नीट घडी केली.

"म्हाताऱ्या माणसाकडून होतं असं, बाबू," तो म्हणाला. "साहेबांना मी दोष देत नाही."

मी मान हलवली. हो म्हणालो.