झोई, झोया, जुई

कोणाचंही नाव कानावर पडलं की आजोबा उजव्या हाताचं बोट हवेत फिरवून ते लिहून बघत आणि विचारत, "ऱ्हस्व की दीर्घ?" तुमच्याही आसपास असे एखादे गृहस्थ असतील. आम्हाला ते सिंगापूरला, पुंगोलमध्ये, शेजारच्या फ्लॅटमध्ये लाभले. मुलाकडे राहायला आले होते.

नोकरी पुण्यात, जन्ममृत्यू नोंदणीत झालेली. "नावातली चूक दुरुस्त करायला लोक खेपा घालायचे. मी म्हणायचो, आता पोरालाच नावासारखं वाढवा!" हे ते अभिमानाने सांगत.

अशा माणसाच्या नातीचं नाव झोई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोट हवेतच थांबलं म्हणे. मग कितीतरी दिवस ते तिला नुसतं "ए बाळ" म्हणत.

एका रविवारी ते माझ्या दारात उभे. "ताई, तुम्ही विद्यापीठातल्या. हे नाव कुठलं, बघा बरं. मुलाला विचारलं तर म्हणतो, छान आहे ना बाबा, झालं."

मी शोधून सांगितलं. नाव ग्रीक, अर्थ जीवन. रशियात त्याचं झोया झालं, फ्रान्समध्ये झोए. बायबलमधल्या पहिल्या स्त्रीचं, हव्वाचं नावसुद्धा जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी झोई असंच केलं होतं.

आजोबा खुलले. "म्हणजे देश बदलला की नाव बदललेलं चालतं! मग पुण्यात जुई."

"अहो, जुई म्हणजे फूल. अर्थ वेगळा आहे."

"ताई, उभ्या नोकरीत मी अर्थ कधी तपासला नाही."

मुलगा वैतागला. "बाबा, तिला गोंधळवू नका. मुद्दाम युनिक नाव ठेवलंय." नातही इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून ठणकावायची, "नो, आजोबा, झोई लाह!"

खाली खेळायच्या जागेत "झोई" अशी हाक मारली की घसरगुंडीवरच्या तीन मुली वळून बघत. युनिक!

एका संध्याकाळी ती तिथून दिसेनाशी झाली. आईबाप, शेजारी, सगळे "झोई, झोई" ओरडत सुटले. दोन भलत्याच झोई धावत आल्या.  आजोबा थांबले आणि चिरक्या आवाजात ओरडले, "जुई!"

पलीकडच्या इमारतीखालच्या खांबामागून चक्क मराठीत उत्तर आलं, "काय?" मांजराच्या पिल्लाशी बसली होती.



पुढे आजोबा पुण्याला परतले आणि गेल्या वर्षी तिकडेच गेले. दिवसकार्य उरकून मुलगा आला, तो माझ्याकडे.

"ताई, शेवटच्या फोनवर बाबा म्हणाले, नाव चांगलं ठेवलंस रे. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

"अर्थ सांगितला होता. तुला माहीत नाही?"

"नाही. आम्ही छोटं म्हणून ठेवलं. ऑफिसात सगळ्यांना म्हणता येतं."

"जीवन," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. घर शेजारीच, पायात घालायच्या त्या साध्या चपला. पण त्या घालायला त्याला दारात बराच वेळ लागला.