बिनखिळ्याचा गोठा

भजनी मंडळात अभंगांपेक्षा किस्सेच अधिक साठतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आरती झाली, प्रसाद वाटला, की चहा येईपर्यंत जो अर्धा तास जातो, त्यात ते साठतात. गाताना आपण देवापुढे असतो. चहाची वाट पाहताना एकमेकांपुढे. चाळीस वर्षे मी आमच्या मंडळात निरूपण केले. त्यातले एक वाक्यही कोणाला आठवत नाही. किस्से मात्र सर्वांना तोंडपाठ आहेत! आणि मंडळी, त्यांतल्या बहुतेकांत फजिती माझीच आहे. ‘फजिती’ हा शब्दही मी स्वतःला जपून वापरतो आहे.

आमचे मंडळ बोरिवलीच्या पश्चिमेकडील एका जुन्या गावठाणातले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दाजी म्हात्रे या शेतकऱ्याने आपल्या शेवटच्या दोन म्हशी विकल्या आणि रिकामा झालेला गोठा आम्हांला भजनासाठी देऊ केला. भाताची खाचरे त्याआधीच गेली होती. मनाचा मोठेपणा तेवढा शिल्लक होता.

मी जागा पाहावयास गेलो आणि दाराशीच थांबलो. नाकाला उपरण्याचे टोक लावले होते, हेही सांगून टाकतो.

“दाजी, तुमची भावना पोचली. परंतु गोठ्यात देव कसा बसवायचा?”

दाजी ओशाळले. त्यांच्या मागे भिवा सुतार उभा होता. मालवणकडचा, विशीत मुंबईस आला आणि हा गोठा त्यानेच दाजींच्या वडिलांसाठी बांधला. आता सत्तरीचा होता, आमच्याकडे झांज वाजवी आणि एरवी फारसे बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

“अण्णानू, तुमचो कृष्ण मगे खंय वाढलो? ब्लॉकात?”

पुढच्याच गुरुवारी देव गोठ्यात बसला.

* * *

तो गोठा कसा होता, हे सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

सागाचे आठ खांब, प्रत्येकाच्या पायाशी काळ्या दगडाचा तळखडा. कारवीचा कूड, त्यातून वारा गाळून आत येई. वर नळीची कौले. गव्हाणीची लाकडी कड जनावरांच्या मानांनी घासून घासून अशी झाली होती की तिच्यावर समईचा उजेड थरथरत राही. पेटीवाले मास्तर म्हणत, “इथे सूर पळूनही जात नाही आणि उलटूनही येत नाही. बसतो!” साऱ्या बांधणीत लोखंडाचा एक खिळा नव्हता. खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचे कोरून काढलेले टोक, त्या टोकातून आरपार लाकडाची खुंटी, एवढ्यावर ते छप्पर उभे.

आणि तुळयांची बाहेर आलेली टोके भिवाने कमळकळीसारखी कोरली होती. म्हशींच्या गोठ्यात!

मी एकदा थोड्या उपहासानेच विचारले, “भिवा, ही नक्षी म्हशींना दिसणार होती का?”

“म्हशींका नाय दिसता,” तो म्हणाला. “पण माका दिसता ना!”

मी त्यावर मान डोलावली. निष्काम कर्मावर मी वर्षानुवर्षे बोलत आलो होतो. समोर बसलेले मला ओळखता आले नाही.

* * *

खिळा नव्हता म्हटले, तो मी मारला.

भजनाला मुले येत, गलबला होई. म्हणून मी एक बोर्ड रंगवून घेतला: ‘येथे शांतता राखावी’. शनिवारी भर दुपारी हातोडी घेऊन तो पुढच्या खांबावर ठोकू लागलो. जुना साग तो. पहिला खिळा वाकला, दुसरा वाकला, तिसरा उडून तबल्यावर पडला. आवाजाने गावठाणातील वामकुक्षी मोडली. चार घरांतली माणसे बाहेर आली.

मंडळाचा चिटणीस सुर्वे, बँकेत नोकरीला असलेला तरुण, पाठीमागून बोर्ड वाचून म्हणाला, “अण्णा, शांतता किती वेळ चालणार आहे?”

भिवा आला. त्याने चौथा खिळा, जो एकदाचा अर्धा आत गेला होता, दोन बोटांनी हलवून हलवून काढला. भोकावर अंगठा ठेवून उभा राहिला, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर ठेवावा तसा.

“इतक्या वर्सांत ह्या गोठ्यात पयलो खिळो तुमी मारलात,” तो म्हणाला. मग हातभर अंतरावरची लाकडी खुंटी दाखवली. “ही कित्याक ठेवलंय मी?”

बोर्ड खुंटीवर लागला. मुलांचा गलबला तसाच चालू राहिला.

* * *

आता खुणांचा किस्सा. हा सांगताना मास्तर नेहमी मला विचारत, “सांगू ना, अण्णा?” आणि मी “सांगा, सांगा” म्हणे. न म्हणून करतो काय?

त्या गोठ्यात प्रत्येक सांध्यापाशी पटाशीने कोरलेल्या खुणा होत्या. कुठे एक रेघ, कुठे दोन, कुठे फुली, कुठे कावळ्याच्या पावलासारखी तीन टोके. एका एकादशीला मला त्यांचा उलगडा झाला. निदान मला तसे वाटले! मी तास-सव्वा तास बोललो. एक रेघ म्हणजे अद्वैत. दोन म्हणजे जीव आणि शिव. तीन टोके म्हणजे त्रिगुण. फुली म्हणजे प्रपंच आणि परमार्थ एकमेकांस छेदतात ते स्थान. एका निरक्षर कारागिराच्या हातून परमेश्वराने हे लिहवून घेतले, असे मी हात जोडून सांगितले. बायकांनी खांबांना नमस्कार केले. सुर्व्याने प्रत्येक खुणेला गंध लावले.

चहाच्या वेळी सुर्वे भिवाला म्हणाला, “काका, तुम्ही एवढे ज्ञानी, आणि कधी बोलला नाहीत यार!”

भिवा बशीतला चहा फुंकत होता. “खंयचा ज्ञान? माका लिवक येना नाय. खंयचा लाकूड खंय बसता, ता ध्यानात रव्हाक होया, म्हणान खुणो केलंय.”

मग त्याने सांगितले की गोठा मुळात विहिरीच्या पलीकडे होता. रस्ता आला तेव्हा त्याने सगळा उतरवला, खुणेला खूण जुळवली आणि चार दिवसांत अलीकडे पुन्हा उभा केला. “बिनखिळ्याचा घर उतरवक येता. मोडूचा लागना नाय.”

“म्हणजे अण्णा, अद्वैत म्हणजे खांब नंबर एक!” सुर्वे ओरडला.

मास्तर हसता हसता पेटीच्या भात्यावर आडवे झाले. दाजींच्या डोळ्यांतून पाणी आले. मीही हसलो. सर्वांत मोठ्याने मीच हसलो, कारण मला हसू येत नव्हते.

* * *

त्यानंतरच्या शिमग्यास भिवा गावी गेला. पुढे आमचा सप्ताह होता. म्हणून सुर्व्याने गोठा रंगवून घेण्याचे ठरवले. आकाशी ऑइलपेंट! पेंटरने खांबावरून हात फिरवला.

“साहेब, हे खड्डे आहेत. लांबी भरून प्लेन करू?”

सुर्वे म्हणाला, “नको, थांबा. भिवाकाकांच्या खुणा आहेत त्या. ते आले की विचारू ना, अण्णा?”

“विचारायचे काय त्यात?” मी म्हणालो. “भरून टाका. देवाच्या जागी असले खाचखळगे शोभत नाहीत.”

मंडळी, मला कोणते खड्डे खुपत होते, हे मला त्या क्षणीही पूर्ण ठाऊक होते.

उथळ खुणा पॉलिशपेपरने घासून काढल्या. खोल होत्या त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. वर रंगाचे दोन हात दिले. भिवा गावाहून परतला, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आठही खांबांवरून तळवा फिरवत गेला.

“गुळगुळीत झालो हां,” एवढेच म्हणाला.

“झकास ना, काका?” सुर्व्याने विचारले. त्याला ती स्तुती वाटली. मला वाटली नाही.

* * *

दोन-तीन वर्षांत गावठाणाच्या कडेने इमारती उठू लागल्या. एका बिल्डरने दाजींची जागा मागितली. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मंडळाला पक्का हॉल मिळणार होता. दाजी माझ्याकडे आले.

“अण्णा, तुमी सांगाल तसा.”

मी होय म्हटले. मला स्लॅबचा हॉल हवा होता; मोझेइकची फरशी, पंखे, लाऊडस्पीकर. सबब मात्र मी देवाची सांगितली.

संध्याकाळी भिवा माझ्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीवर बसेना.

“गोठो मोडू नकात, अण्णानू. दाजी म्हणता, विहिरीमागची जागा ऱ्हवता. थय उभो करतंय. माका चार दीस द्येवा.” मग म्हणाला, “माझा दुसरा काय्येक उभा नाय आता ह्या मुंबयत. बाकी सगळा मोडला.”

मी बिल्डरकडून आठवडा मागून घेतला. ते एक चांगले काम केले. दुसऱ्या दिवशी भिवा मदतीला दोन जुने सुतार आणण्यासाठी घाटकोपरला गेला, आणि नेमका त्याच दिवशी बिल्डरचा मुकादम माणसे घेऊन हजर झाला. “उतरवू का, अण्णा? नंतर माणसे मिळणार नाहीत.”

“उतरवा,” मी म्हणालो. “पण काही मोडता कामा नये. लाकडे नीट रचून ठेवा.”

मी दिवसभर उन्हात उभा राहून ती रचून घेतली. मोठी मोठ्यांत, मधली मधल्यांत, छोटी छोट्यांत. एकाही लाकडाला ओरखडा नाही! संध्याकाळी भिवा आला तेव्हा मी शाबासकीच्या अपेक्षेने त्या आकाशी राशींकडे हात केला.

तो राशीपाशी जाऊन खाली बसला. मग पटाशी काढून एका तुळईचा रंग खरवडू लागला. खालून लांबी निघाली. लांबीखालून अर्धी रेघ निघाली. दुसऱ्या तुळईखाली तेही निघाले नाही.

तीन दिवस ते तिघे जुळवत होते. प्रत्येक खाच हाताची; एकीचे कुसू दुसरीत जाईना, आणि गेले तर वरचे वासे तिरके येत. आणखी महिनाभर मिळता तर जुळलेही असते. बिल्डर महिना देईना. चौथ्या दिवशी भिवा माझ्याकडे आला. नखांत आकाशी रंग होता.

“अण्णानू, एकादशीक तुमी सगळे खुणो वाचून दाखवलेलात. एकेक करून. खंयची खूण खंयच्या खांबार होती, तुमका आठवता?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता. सव्वा तास त्या खांबांकडे पाहून बोललेला माणूस गावठाणात एकच होता.

मला अर्थ सगळे आठवत होते. खांब एकही आठवत नव्हता.

* * *

लाकूड जोगेश्वरीच्या एका वखारीत गेले. मास्तर पुढे कधीतरी पेटीच्या दुरुस्तीसाठी तिकडे गेले असता वखारवाल्याने त्यांना एक तुळई दाखवली. “देखिए मास्टरजी, क्या कारीगरी है! कोई मंदिर टूटा होगा.”

“हो,” मास्तर म्हणाले. हा किस्सा त्यांनी एकदाच सांगितला, आणि त्या दिवशी कोणी हसले नाही.

* * *

हॉलचे उद्घाटन झाले ते पुढच्या वर्षी. ट्यूबलाइट, पंखे, मोझेइक, सारे मनासारखे. माझा प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून दुसऱ्यांदा ऐकू येत होता. सुर्वे म्हणाला, “अण्णा, इफेक्ट भारी आहे!”

भिवाचा सत्कार करावा, ही सूचना माझी. शाल, श्रीफळ. तो आला, झांज घेऊन आला. मी त्याच्या गुणांवर चांगली दहा मिनिटे बोललो. भिंतींनी त्यांची वीस केली. मग शाल पांघरली आणि सर्वांना ऐकू जावे म्हणून माइकवरच विचारले, “भिवा, आता मोकळेपणाने सांग. कसा वाटला हॉल?”

भिवा उठून खांबाजवळ गेला. सिमेंटवर बोटाच्या पेराने तीन ठिकाणी टकटक केली आणि कान लावला. वर स्लॅबकडे पाहिले, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, अगदी सावकाश. सगळे वाट पाहत होते. तो परत आला, माइकपाशी वाकला आणि नव्या सुताराने जाणत्याला विचारावे तशा मनापासून त्याने मला विचारले,

“चांगलो आसा. पण अण्णानू, ह्यो उतरवचो कसो?”

ते भिंतींवरून पुन्हा ऐकू आले.

मी मास्तरांकडे पाहिले. अजून एकही अभंग झाला नव्हता. मास्तरांनी भैरवी धरली.