लग्नाआधीचं रक्त

दवाखान्यात तिला सगळे लाडाने 'डास' म्हणत. नऊ वर्षं ती लोकांचं रक्त काढत होती. हात इतका हलका, की टोचून झाल्यावर माणसं विचारत, "झालं पण?" स्वतःच्या रक्ताचा विषय निघाला, की मात्र ती विषय बदलायची.

दोन वर्षांपूर्वी घाईगडबडीत तिने ट्रेमध्ये पडलेल्या एका वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला घेतलं. हे कधीच करायचं नाही, हा त्या कामातला पहिला धडा. टोपण हुकलं आणि सुई हातमोज्यातून थेट बोटात. कुणाची सुई, कुणास ठाऊक! मोठ्या सिस्टर फाडून खातील म्हणून तिने बोट धुतलं आणि तोंडाला कुलूप घातलं. दुसऱ्यांना "तपासून घ्या हो, घाबरायचं काय त्यात?" असं ऐकवणारी ही बाई स्वतः दोन वर्षं तपासणीपासून पळत राहिली.

मग लग्न ठरलं. होणारा नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. तोच एकदा म्हणाला, "लग्नाआधी दोघंही एचआयव्हीची तपासणी करून घेऊ. तुझ्याच दवाखान्यात. ओळखीचा डास आहे, दुखणार नाही."

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याचं रक्त तिने काढलं, तिचं मैत्रिणीने.

"अगं, हात किती गार पडलेत तुझे," मैत्रीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं बाकावर बसली. रिपोर्ट चांगला असला तर लिफाफा खिडकीतून मिळे, नसला तर समुपदेशक बाई आत बोलावत. हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. आपल्याला बोलावलं, तर सुईचं सगळं त्याला सांगून टाकायचं आणि लग्न मोडायचं, असं तिने ठरवलं होतं.

खिडकीतून तिचा नंबर पुकारला. लिफाफा घेऊन ती बाकावर परतली आणि तिला रडूच कोसळलं. सुटले बाई, एवढंच डोक्यात.

"न उघडताच रडतेस?" तो हसला.

तेवढ्यात समुपदेशक बाई दारात आल्या. तिच्याकडे न बघता त्यांनी त्याचा नंबर पुकारला.

"मला आत कशाला गं?"

त्याच्यासाठी ती एकदाही घाबरली नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"सही राहिली असेल," ती कसंबसं म्हणाली.

"मग तूही चल ना."

तिला उठता येईना. तो दाराशी थांबून तिची वाट बघत राहिला.