संकष्टीच्या दिवशीची पनीरभाजी

संत तुकाराम नगरात आमची मेस. चालवतात माझ्या सासूबाई, मंजुळाबाई. मी आपली हाताखाली. मी त्यांना आत्या म्हणते. कंपनीत राबणारी तीसेक पोरं आमच्याकडे जेवतात, कुणी बीडचा, कुणी परभणीचा. स्वतः चाखल्याशिवाय आत्या एक डबा बाहेर जाऊ देत नाहीत. मीठ एवढंसं कमी पडलं तरी माझा उद्धार ठरलेला!

पण संकष्टीला बाईंचा कडक उपवास. चाखायचं काम मग माझ्यावर. त्या दिवशी मी नाही चाखलं. आदल्या दिवशी लाइट गेलेली, फ्रिज बंद, पनीर चिकट झालेलं. आत्या पूजेत होत्या. म्हटलं, मसाल्यात सगळं खपतं. धुतलं आणि टाकलं रश्श्यात.

चारच्या सुमाराला फोन आला. एका खोलीतली पाच पोरं उलट्यांनी बेजार, दवाखान्यात. दवाखान्यानं वर कळवलं असणार, कारण सहाला अन्न सुरक्षा अधिकारी वर्षालीमॅडम आमच्या दारात.

"दुपारची भाजी आहे का शिल्लक? नमुना घ्यायचाय."

"कणभर नाही हो मॅडम." भांडी घासून पालथी घातली होती. तेवढ्यावर थांबावं ना! पण माझी जीभ कुठली थांबते? "पोरांनी त्या नाक्यावरच्या निरंजनकडे पाणीपुरी खाल्ली असेल. कसलं पाणी वापरतो, देव जाणे."

मॅडमनी लिहून घेतलं. "मग आधी त्याची गाडी बघते," म्हणत उठल्या.

"थांबा वाईच." आत्या स्वयंपाकघरातून आल्या, हातात झाकलेली वाटी. उपवास सोडायला स्वतःपुरती भाजी काढून ठेवलेली. मला पत्ताच नव्हता. झाकण काढलं तसा आंबूस वास आला.

"ही घ्या. त्याच भांड्यातली हाय."

"आत्या, मेस बंद करतील! खायचं काय आपण?"

"बघू काय ते. पर त्या गाडीवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई."

मॅडमनी वाटीतलं बाटलीत भरून सील केलं, आत्यांची सही घेतली आणि अहवाल येईपर्यंत मेस बंद ठेवायची नोटीस दिली. मी आदळआपट केली, रडले. आत्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल, पोरांना बघून येऊ."

दवाखान्यात त्या पाचांतल्या सुजितला सलाइन लावलेली. आत्यांना बघून तो उठायलाच लागला. "मावशी, मॅडम इथं पण आल्या होत्या. आम्ही ठासून सांगितलं, मावशीच्या डब्यातलं काही नसणार. तुम्ही काळजी करू नका."

आत्यांनी त्याचा हात धरला. "माझ्याच डब्यानं झालं रे लेकरा. माझं चुकलं."

लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले. "त्यांचं नाही, सुजित. भाजी मी केली. पनीर खराब झालंय हे मला माहीत होतं."

सुजितनं तोंड भिंतीकडे केलं. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.