साहेबांसाठीचं बेसिन

त्या स्वयंपाकघरात ताईला सगळे मागून फौजदार म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. नखं वाढवून आलेल्याला ती दारातूनच परत पाठवी. ओट्यावर मळकं फडकं दिसलं, की उचलून थेट कचऱ्यात. "त्याच फडक्यानं सुरी, त्यानंच ओटा आणि त्यानंच नाक! फडकं आहे का आईचा पदर?" ती अशी कडाडली, की आचारी दात काढत आणि निमूटपणे नवं फडकं घेत.

जेवण पुरवायचा हा धंदा तिच्या धाकट्या भावाचा. आई गेली तेव्हा तो शेंबडा पोर होता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. धंदाही तिच्याच घरच्या शेगडीवर सुरू झाला, तिच्या हाताच्या चवीवर. पुढे जम बसला, गोदामाएवढं स्वयंपाकघर झालं, भावाचा शेट झाला आणि ताईला त्यानं भांड्यांवर देखरेख करायला बसवलं. ताकापुरती आजी म्हणतात ती हीच. तिला ते लागायचं, पण घरचंच आहे म्हणून ती गिळायची.

भिंतीवर एक पांढरंशुभ्र बेसिन होतं. हात धुवायचं. वर आरसा, बाजूला वेष्टनातला साबण. तपासणीचे साहेब येत तेव्हा भाऊ त्यावरची चादर काढी. साहेब लांबूनच मान डोलावत आणि चहा पिऊन जात. त्यांची पाठ वळली की चादर पुन्हा जागेवर. "ताई, याला कोणी हात लावता कामा नये. डाग पडले तर परवाना जाईल," असं भावानं बजावून ठेवलं होतं. आणि अख्ख्या स्वयंपाकघराला सळो की पळो करणाऱ्या या बाईनं ते ऐकलं! नुसतं ऐकलं नाही, पहारा दिला. जो बेसिनकडे वळे त्याला हाकलून ती दाराजवळच्या बादलीकडे पाठवी. हात धुवायची जागा स्वच्छ राहावी म्हणून तिथं हात धुवायचे नाहीत, असा तो कारभार. बादलीतलं पाणी दुपारपर्यंत गढूळ व्हायचं आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्या दिवशी वृद्धाश्रमाची ऑर्डर होती. दात नसलेल्यांनाही खाता यावं म्हणून उकडलेल्या बटाट्यांचं मऊ सॅलड करायचं होतं. मुख्य आचारी सकाळपासून संडासाकडे पळत होता. असाच एकदा परत आला, बादलीत हात खळबळले आणि कोपरापर्यंत बटाट्यांत घातले.

"थांब! पोट बिघडलंय का तुझं?" ताईनं विचारलं.

"कालपासून. शेटना सांगितलं होतं मी. म्हणाले, तू घरी बसलास तर ऑर्डर कोण काढणार?"

"अरे, मग निदान साबण लावून हात तरी धुवायचे!"

"कुठं धुऊ, ताई? बेसिनवरून तर तुम्हीच हाकलता."

ते तिच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. ती तरातरा बेसिनकडे गेली. चादर ओढून फेकली, साबणाचं वेष्टन फाडलं, नळ सोडला. थेंब नाही. वाकून खाली पाहिलं, तर नळी नाही. भिंतीला साधं भोकसुद्धा नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती भिंतीवर टांगलेल्या एका थापेची राखण करत होती.

भाऊ आत ऑफिसात जेवायला बसला होता. पुढ्यात डबा होता, ताईनंच सकाळी घरून करून आणलेला. रोज आणायची. "तुझ्या हातचंच लागतं गं मला," असं तो म्हणायचा आणि ती विरघळायची. आज त्या डब्याकडे पाहताना तिला लख्ख कळलं, याला माया नको होती, धुतलेले हात हवे होते. तिनं त्याच पातेल्यातून भरून आणलेली सॅलडची ताटली त्याच्यापुढे आदळली.

"हे खा."

"हे काय? जेवतोय की मी."

"तुझ्याच स्वयंपाकघरातलं आहे. म्हातारी माणसं खाणार आहेत, मग तू का नाही?"

भावानं ताटलीकडे पाहिलं, मग दारात पोट धरून उभ्या असलेल्या आचाऱ्याकडे. एका बोटानं त्यानं ताटली दूर सारली.

"हळू बोल ना, माणसं ऐकतायत. बसवतो नळ, बसवतो."

"आपली आई असती तर तिला वाढलं असतंस हे?"

भावानं डबा जवळ ओढला आणि पोळीचा तुकडा मोडला.

"मग कोणाच्याच आईला जाणार नाही." ताई बाहेर आली आणि तिनं ते अख्खं पातेलं कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. आचाऱ्याला घरी जायला सांगितलं. भाऊ मागोमाग धावत आला. "ताई, धंदा माझा आहे!" तो ओरडला.

"असू दे. आश्रमात फोन करून सांग, आज सॅलड नाही. का नाही तेही सांग, लाज वाटत नसेल तर." मग आत जाऊन तिनं त्याच्या अर्धवट डब्याचं झाकण लावलं आणि डबा काखेत मारला. "आणि हा डबा आजपासून बंद. इथं जे शिजतं तेच तू खायचं."

दुसऱ्या दिवशी कुठल्या साहेबाची तपासणी नव्हती, तरी प्लंबर सकाळीच भिंत फोडत होता. दुपारी भाऊ कामगारांच्या पंगतीत ताट घेऊन बसला. पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबला. वाढणाऱ्याकडे संशयानं बघत म्हणाला, "हात धुतलेस ना रे?"

इतक्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तेही स्वतःच्या पोटासाठी. ताईचा राग काही उतरला नाही.