देवाप्पाचा स्क्रू

देवाप्पासारखा सज्जन टॅक्सीवाला निपाणीत दुसरा नाही, आणि त्याच्याइतका वैतागही मला कुणी दिलेला नाही. तंबाखूच्या वखारीचा ट्रक वीस वर्षं चालवून त्यानं जुनी डिझेल ॲम्बॅसिडर घेतली. तेव्हापासून त्याला एकच नाद, डिझेल पंपावरचा स्क्रू. गाडी उभी असताना इंजिन किती वेगानं फिरावं, ते हा स्क्रू ठरवतो. एकदा नीट लावायचा, नट आवळायचा आणि विसरून जायचं. देवाप्पानं तो नट कधी आवळलाच नाही. सकाळी गार इंजिन बंद पडतं म्हणून स्क्रू चढवायचा, दुपारी तापून गुरगुरतं म्हणून उतरवायचा. म्हातारं माणूस बसलं की वेगळा, नवी नवरी बसली की आणखी वेगळा.

माझ्या विजयमालाला बसमध्ये उलट्या होतात. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, परीक्षा बेळगावला. म्हणून आज देवाप्पाची गाडी सांगितली. टिळकवाडीपर्यंत सुखरूप आलो, तर तिथलं रेल्वे फाटक बंद! विजू रुमाल तोंडाला लावून डोळे मिटून बसलेली.

"पोरीला तरास व्हतोय, वैनी. जरा आवाज उतरवतो."

"देवाप्पा, हात लावू नका. अर्ध्या तासात पेपर आहे."

"लई न्हाय वो, एवढंसंच."

बॉनेट उघडलंच त्यानं. आवाज उतरला, थरथर मात्र दुप्पट झाली, आणि एक उचकी देऊन इंजिन गप्प. बॅटरी आधीच मेलेली. आगगाडी निघून गेली, फाटक उघडलं, मागं हॉर्नचा कल्लोळ.

"आप्पा, मुहूर्त बघताय काय?" मागचा ट्रकवाला ओरडला.

"आई, मी जाते," म्हणून विजू उतरली आणि हॉलतिकीट छातीशी धरून पळत सुटली. मी पदर खोचला आणि भर रस्त्यात त्या ट्रकवाल्याबरोबर गाडी ढकलून चालू केली. कॉलेजपाशी पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. विजू आत पोचली की नाही, हे कळायला मला तीन तास कॉलेजच्या फाटकाशी उभं राहावं लागलं. पोचली होती.

परत निघताना मी देवाप्पाचा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला. घाबरून त्यानं स्क्रू भरपूर चढवून ठेवला होता, त्यामुळे जिथं थांबू तिथं इंजिन बोंबलत होतं. विजू निपाणीपर्यंत गाढ झोपली.

"बघा, एवढ्या आवाजात झोपली की नाही?"

"दमल्यालं लेकरू, वैनी. झोपणारच."

मघाशी तो घरी आला. "उद्या दुसरा पेपर न्हवं? गार इंजिन हाय, तेवढा स्क्रूड्रायव्हर..."

"मिळायचा नाही."

त्यानं जराही वाईट वाटून घेतलं नाही. चमच्यानं साखर ढवळत चहा घेतला, पेपर कसा गेला विचारलं, विजूला मळमळीवर आवळासुपारीची पुडी दिली आणि गेला.

ती झोपल्यावर मी भांडी विसळायला घेतली. त्याच्या बशीतला चपट्या दांड्याचा चमचा नाही.